वर्गात टीव्ही बोलतो, मुलं कधी बोलणार?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी कोकणात एक बातमी ठरलेली असते: कोकण विभाग राज्यात पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या या विभागाचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९८.८२. त्या वर्षी अख्ख्या राज्याचा होता ९४.१०. पेढे वाटून होतात, बॅनर लागतात, आणि पावसाळा तोंडावर आला की यातली बरीच मुलं पुढच्या शिक्षणासाठी नाहीतर कामासाठी रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबईची गाडी धरतात. तिथं पहिल्याच मुलाखतीत समोरचा म्हणतो, 'स्वतःबद्दल जरा सांग.' नाव, गाव, शाळा, टक्के. चार वाक्यांत सगळं आटोपतं. प्रश्न मराठीत विचारलेला असला तरीही.

इंग्रजी येत नाही म्हणून आमची मुलं मागे पडतात, हे निदान पालकांना आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढणाऱ्यांना दोघांनाही सोयीचं आहे. पण जे मूल मायबोलीत दोन मिनिटं सलग काही सांगू शकत नाही, ते इंग्रजीत कसं सांगणार? अडचण भाषेची नंतर येते. आधी येते ती बोलण्याच्या सवयीची.

हातखंब्यासारख्या गावात तर ही गोष्ट फारच ठळक दिसते. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथल्या तिठ्यावर भेटतात. घाटावरून येणारे ट्रकवाले कोल्हापुरी ठसक्यात बोलतात, परप्रांतीय ड्रायव्हर हिंदीत पत्ता विचारतात, गोव्याकडे निघालेले पर्यटक इंग्रजीत आंब्याचा भाव करतात. गणपतीला चाकरमानी आले की त्यांची इंग्रजी माध्यमातली मुलं अंगणात आपापसांत वेगळंच काहीतरी बोलत असतात, आणि गावातलं त्यांच्याच वयाचं चुलत भावंड पडवीच्या खांबाला टेकून ऐकत राहतं. घरात संगमेश्वरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, हातातल्या मोबाइलवर हिंदी. कानांची अजिबात उपासमार नाही. इतकं ऐकूनही तोंड का उघडत नाही, हा प्रश्न शाळेनं स्वतःला विचारायला हवा, कारण शाळेनं गेल्या दहा वर्षांत मुलांना ऐकवण्याचीच साधनं वाढवली आहेत.

२०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि त्याच सुमाराला जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' होण्याची लाट उसळली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं उदाहरण राज्यभर गाजलं. कुठं लोकसहभागातून प्रोजेक्टर आला, कुठं गावच्या चाकरमान्यांच्या मुंबई मंडळानं टीव्ही दिला, कुठं एखाद्या कंपनीनं सामाजिक निधीतून संगणक बसवले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'दीक्षा' सुरू झालं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापून आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी या क्यूआर कोडच्या पुस्तकांचा पाया आधीच घातला होता, आणि २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं तेव्हा महाराष्ट्राला त्याचं कोण कौतुक वाटलं. ते रास्तही होतं. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली, हेही लोकांच्या लक्षात राहिलं. मात्र त्यांच्या कामातला एक भाग तेवढा गाजला नाही. त्यांच्या वर्गातली मुलं इंटरनेटवरून परदेशातल्या वर्गांशी थेट बोलत होती. पडद्यावर समोर कुणीतरी खरं माणूस होतं आणि त्याला उत्तर द्यावं लागत होतं.

बाकी बहुतेक ठिकाणी 'डिजिटल' म्हणजे काय झालं? दोन शिक्षकी शाळेत पहिली ते पाचवीचे वर्ग. बाई तिसरीला गणित शिकवत असतात तेव्हा पहिली-दुसरीसमोर टीव्ही लावलेला असतो. त्यावर कविता चालते, मुलं सुरात सूर मिसळतात, हावभाव करतात. यात बाईंची चूक काढणं अन्यायाचं होईल. एका माणसाला एका वेळी दोन वर्ग सांभाळायचे असले की हेच होणार. पण सुरात सूर मिसळणं म्हणजे बोलणं नव्हे. गाण्यात शब्द आयते असतात. बोलताना ते शोधावे लागतात, क्रम लावावा लागतो, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच वाक्य बदलावं लागतं. त्या टीव्हीवर यातलं काहीच घडत नाही.

ऐकवण्याची ही परंपरा जुनी आहे. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली आणि तिचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून पिढ्यांनी पाहिले. २०१७ मध्ये ती बंद पडली. करोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' आली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, घर-परिसरातल्या अनुभवांवर बेतलेली ही मालिका अनेक घरांत आवडीनं पाहिली गेली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, डोंगरावर चढल्याशिवाय रेंज मिळत नव्हती, तिथंही टीव्ही पोहोचला, हे मोठंच काम. तरी या सगळ्या एकतर्फी वाटा. टीव्हीनं प्रश्न विचारला आणि मुलानं चुकीचं उत्तर दिलं, तर टीव्हीला त्याचा पत्ता नसतो.

रेडिओवाल्यांना ही गोम फार आधी कळली होती. केनियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिक शाळांतून रेडिओवर इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यात निवेदक प्रश्न विचारून मुद्दाम थांबत असे आणि त्या रिकाम्या सेकंदांत वर्गानं मोठ्यानं उत्तर द्यायचं असे. महाराष्ट्रातही पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं मराठी शाळांतल्या मुलांसाठी रेडिओवर इंग्रजीच्या मालिका केल्या. रेडिओ म्हणजे आजच्या मानानं किती दरिद्री साधन! चित्र नाही, रंग नाही. पण त्या प्रयोगांनी ओळखलेली एक गोष्ट आजच्या झगझगीत व्हिडिओंत सापडत नाही: मुलासाठी सोडलेली मोकळी जागा. यूट्यूबवरची बालगीतं आणि धडे श्वासही घेत नाहीत. सुदैवानं प्रत्येक रिमोटवर थांबवण्याचं बटण असतं. शैक्षणिक व्हिडिओतला सर्वांत उपयोगी भाग तो बटण दाबल्यावर सुरू होतो.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं निवडली. काही बाळांशी चीनमधली मंदारिन भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांनी गोष्टी वाचल्या. बारा बैठका झाल्या. दुसऱ्या बाळांना तेच बोलणं, त्याच माणसांचं, टीव्हीवर किंवा नुसत्या आवाजातून ऐकवलं. समोर माणूस होतं त्या बाळांना मंदारिनमधले नवे ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. टीव्हीसमोरच्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. नऊ महिन्यांच्या बाळावरून नऊ वर्षांच्या मुलाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये हे खरं. शाळकरी मूल टीव्हीवरून शब्द उचलतं, गाणी उचलतं, कार्टून बघून हिंदीही शिकतं. पण भाषा ही मुळात माणसाच्या सोबतीत रुजणारी गोष्ट आहे, याची या प्रयोगाइतकी स्वच्छ खूण क्वचित मिळते.

मग यंत्राचा उपयोगच नाही का? आहे, आणि त्याचा उत्तम दाखला हैदराबादेत सापडतो. 'भिंतीतलं भोक' या प्रयोगामुळे नाव झालेले सुगत मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका साध्या खासगी शाळेत सोळा मुलांना संगणक दिला. या मुलांचे इंग्रजी उच्चार घरच्या भाषेच्या वळणाचे, बाहेरच्याला पटकन न समजणारे. संगणकात बोललेलं टाइप करून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. मूल वाक्य म्हणे आणि पडद्यावर भलतंच काही उमटे. शिक्षक नेमलेला नव्हता. मुलांनी आपापसांत चर्चा करत, पुन्हा पुन्हा म्हणत, यंत्राला कळेल असं बोलायचं होतं. जोडीला 'साउंड ऑफ म्युझिक', 'माय फेअर लेडी' असे चित्रपट पाहायला दिले होते. काही महिन्यांत उच्चार सुधारल्याचं मोजमापात दिसलं आणि २००३ मध्ये त्यावर शोधनिबंध आला.

'माय फेअर लेडी'ची निवड गमतीची. त्यातला प्राध्यापक फुलं विकणाऱ्या मुलीचा आवाज यंत्रावर नोंदवून तिला तिची भाषा ऐकवतो. शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वर तो चित्रपट बेतला, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं आणि १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांची मंजुळा रंगमंचावर आली. मराठी प्रेक्षक त्या प्राध्यापकाला हसला आणि मंजुळेच्या बाजूनं उभा राहिला, हे इथं विसरून चालणार नाही. कारण मुलांची बोली पुसून त्यांना 'शुद्ध' करणं हा बोलायला शिकवण्याचा हेतू असूच नये. हैदराबादच्या प्रयोगातला साहेबी उच्चार आपल्याला नको. घ्यायचं ते एवढंच, की त्या वर्गात यंत्र ऐकत होतं आणि मुलं बोलत होती. आपल्याकडे भूमिका नेमक्या उलट वाटल्या गेल्या आहेत.

या उलट्या वाटणीला छेद देणारं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच, जिल्हा परिषदेच्याच शाळेतलं. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर शहराजवळच्या गाडीवाट गावच्या शाळेनं मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? रोबो आणि तंत्रज्ञानात रस असलेल्या बऱ्याच मुलांनी जपानी निवडली. शिकवणारं कुणी नव्हतं. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची साधनं वापरून सुरुवात केली, मग एका भाषातज्ज्ञानं विनामूल्य ऑनलाइन शिकवायची तयारी दाखवली. २०२० मध्ये याच्या बातम्या आल्या तेव्हा खेड्यातली मुलं जपानी बोलतात याचंच सगळ्यांना नवल वाटलं. खरी विचार करण्यासारखी गोष्ट पुढची होती. ज्यांच्याकडे फोन होता ती मुलं शिकून येत आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांना शिकवत. मुलं एकमेकांशी त्या भाषेत बोलत. इंटरनेटनं शिधा पुरवला, पण स्वयंपाक मुलांनी आपल्या आपण केला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांना यासाठी जपानपर्यंत जायची गरज नाही. प्रत्येक शिक्षकाच्या खिशात एक ध्वनिमुद्रण यंत्र आहे. फोनवर आवाज टिपायला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही, मोठा पडदा तर नाहीच. कोकणातल्या पावसाळ्यात वीज जाते, दमट हवेनं महागडे पॅनल बंद पडतात, दुरुस्तीचा माणूस रत्नागिरीहून यायला आठवडे लागतात. फोन मात्र चालू असतो.

आपला आवाज पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकला की मूल दचकतं. 'हा माझा आवाज नाय!' असं म्हणतंच. त्याला कारण आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही, म्हणून आतून तो भरदार वाटतो; रेकॉर्डवर हवेतला तेवढाच उरतो. हे एकदा समजावून सांगितलं की लाज निम्मी कमी होते. मग मुलाला आपोआप दिसू लागतं: मी दर वाक्यानंतर 'आणि मग' म्हणतोय, शेवटचे शब्द गिळतोय, गोष्टीतला कोल्हा कुठून आला ते सांगायलाच विसरलोय. शिक्षकानं चार मुलांदेखत काढलेली चूक आणि स्वतःच्या कानानं पकडलेली चूक, यांत मुलाच्या मनाला केवढा फरक पडतो! दुसऱ्या वेळी ते स्वतःहून म्हणतं, 'बाई, पुन्हा करूया.' बोलण्याचा सराव म्हणतात तो इथून सुरू होतो. लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिण्याची सोय वहीनं मुलाला कधीच दिली आहे. बोललेल्याला ती सोय आता कुठं मिळते आहे.

यासाठी वेळ कुठून आणायचा? चाळीस मिनिटांच्या तासाला चाळीस मुलांचा वर्ग असेल आणि शिक्षक एक अक्षरही बोलले नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. शहरातल्या वर्गाचं हे गणित सुटणं कठीण. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. वाडीवस्तीवरच्या या शाळांची चर्चा एरवी फक्त त्या बंद कराव्यात की चालू ठेवाव्यात एवढ्यापुरती होते. बोलण्याच्या बाबतीत कमी पट ही चैन आहे. बारा मुलांच्या शाळेत प्रत्येकाला रोज तीन मिनिटं मिळू शकतात. शहरातल्या महागड्या शाळेत एवढी फी भरूनही कुणाला ती मिळत नाहीत.

बोलायचं तरी काय? पुस्तकातल्या धड्याखालची उत्तरं सोडून दुसरं काहीही. पडदा वापरायचाच तर आवाज बंद करून वापरावा. कबड्डीच्या सामन्याची दोन मिनिटांची फीत मूक करून लावली आणि दोन मुलांना समालोचनाला बसवलं तर वर्गात जी धमाल उडते ती कुठल्याही तयार धड्यानं उडत नाही. शिवाय 'चढाई', 'पकड', 'बोनस' हे शब्द धावत्या खेळाच्या वेगानं तोंडात यावे लागतात. मच्छीमार होड्यांची फीत, कोकण रेल्वेचा बोगदा, हापूसची पेटी भरतानाचं चित्रण, सगळं याच कामाचं. मोठ्या मुलांनी मुलाखती घ्याव्यात: एसटीचा कंडक्टर, कलमं बांधणारा बागायतदार, मुंबईची गिरणी बंद पडल्यावर गावाला परतलेले आजोबा. मुलाखतीत प्रश्न आधी ठरवता येतात, पण पुढचा प्रश्न उत्तरातून सुचावा लागतो, आणि तिथंच खऱ्या संभाषणाला तोंड फुटतं. निवडक मुलांना इस्रो आणि नासा दाखवून आणणारी ही रत्नागिरी जिल्हा परिषद. तिथून परतलेलं एक मूल व्हिडिओ कॉलवर बसवावं आणि दहा शाळांतल्या मुलांनी त्याला भंडावून सोडावं, यावर विमानभाड्याच्या मानानं काहीच खर्च येत नाही.

आणि हे सगळं आधी घरच्या बोलीत व्हावं. इथं अनेक शिक्षक कचरतात. बोलीत बोलू दिलं तर परीक्षेत प्रमाण मराठी कशी येईल, ही त्यांची भीती. वस्तुस्थिती अशी, की याच परिसरातलं वर्गात गप्प बसणारं मूल शिमग्यानंतर गावच्या नमनात गवळणीच्या सोंगात किंवा पेंद्या होऊन मावशीशी अशी जुगलबंदी करतं की मांडव हसून लोळतो. जाखडीच्या फडात शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात तेव्हा पायाला घुंगरू बांधलेली पोरं ताल, शब्द, पाठांतर आणि हजरजबाबीपणा सगळं एकदम सांभाळतात. म्हणजे बोलण्याची ताकद आहे. शाळेच्या दारात ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावी लागते. नमनातल्या मुलाचं दोन मिनिटांचं चित्रण वर्गात लावावं, मग त्यालाच म्हणावं, हेच पुण्याच्या पाहुण्याला कळेल असं सांग. एकच मजकूर बोलीत, मग प्रमाण मराठीत, आणि पाचवी-सहावीपासून मोडक्यातोडक्या इंग्रजीतही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं राज्यभर सर्वेक्षण करून गावोगावच्या माणसांचे आवाज संकेतस्थळावर ठेवले आहेत. आपल्या आजीसारखं बोलणारी बाई पुण्याच्या एवढ्या मोठ्या संस्थेच्या संग्रहात आहे, हे ऐकल्यावर मुलांच्या मनातला बोलीचा कमीपणा किती उतरेल, याचा विचार कुणी केलाय?

याच्या अगदी उलट टोकाला आपली शालेय वक्तृत्व परंपरा उभी आहे. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शिवजयंती. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' इथून सुरू होणारं आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' इथं थांबणारं भाषण. पूर्वी ते वडील किंवा गुरुजी लिहून देत. आता यूट्यूबवर एका मिनिटाची, दोन मिनिटांची तयार भाषणं मिळतात आणि एकाच जयंतीला तीन गावांत तेच भाषण, त्याच हातवाऱ्यांसकट ऐकू येतं. तंत्रज्ञानानं इथं घोकंपट्टीला चित्र जोडून दिलं. टाळ्या मिळतात. पण त्याच मुलाला भाषणानंतर कुणी साधा प्रश्न विचारला, तर ते खाली मान घालून मैत्रिणीच्या मागे लपतं. वक्तृत्व स्पर्धा बंद करा असं कुणी म्हणणार नाही. निदान निम्मे गुण भाषणानंतरच्या दोन प्रश्नांना ठेवले तरी चित्र पालटेल.

गुणांचा विषय निघालाच आहे तर २०१९ आठवावं. त्या वर्षी दहावीच्या भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून टाकले होते, सगळी शंभर गुणांची लेखी परीक्षा. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. ओरड झाली, वीस गुण परत आले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला होता, तेव्हा सगळी वाढ तोंडी गुणांच्या खात्यावर टाकता येत नाही. तरी त्या साऱ्या वादात वीस गुण शाळांनी खिरापतीसारखे वाटले की नाही, यावरच भांडण झालं. मुलं खरोखर किती आणि कसं बोलतात, हे कुणीच विचारलं नाही. तोंडी परीक्षेचा एकही आवाज कुठं जपलेला नसतो, त्यामुळे कुणाला तपासताही येत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, बोलण्याची नाही.

मोठ्या पाहण्यांचंही तेच. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल देशभर गाजतो. २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली असं नोंदलं आहे. वाचता आली. बोलता किती जणांना येतं, हे तिथं मोजलेलं नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी शिक्षक वेळ देत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

बाजारात आता मुलांचं वाचन ऐकून तारे देणारी ॲप्स आहेत. गुगलचं 'बोलो' २०१९ मध्ये भारतात आलं, पुढे 'रीड अलाँग' झालं, त्यात मराठीही आहे. मोठ्यानं वाचायच्या सरावाला ते चांगलं. पण समोरचा मजकूर वाचून दाखवणं आणि मनातलं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी. शिवाय असली यंत्रं लहान मुलांच्या आवाजापुढे आणि बोलीच्या उच्चारांपुढे अजून अडखळतात. 'नाय' म्हणणाऱ्या मुलाला यंत्रानं चूक ठरवलं, तर पुन्हा फुलराणीचाच खेळ सुरू. 'तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर' असा सवाल करणारा युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल शिक्षकाच्या जागी पडदा बसवण्याविरुद्ध बजावतो, तो उगाच नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळायला हवं. मुलांचे आवाज आणि चेहरे हे शाळेच्या प्रसिद्धीचं साहित्य नव्हे. अडखळणाऱ्या मुलाची फीत गंमत म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, तर ते मूल पुढची कित्येक वर्षं तोंड उघडणार नाही. हल्ली शिक्षकांमध्ये रील्सची हौस वाढली आहे; त्यातल्या काहींच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागते, पण सरावाचं रेकॉर्डिंग वर्गाबाहेर जाता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा आग्रह धरला आहे.

शिक्षक म्हणतील, आधीच ऑनलाइन माहित्या भरता भरता नाकी नऊ येतात, त्यात हे नवं लफडं कशाला? तक्रार खरी आहे. म्हणून नवं पोर्टल नको, नवा अहवाल नको, 'संभाषण सप्ताह' तर मुळीच नको. पुढच्या वेळी गावची ग्रामपंचायत किंवा मुंबई मंडळ शाळेला आणखी मोठा टीव्ही द्यायला निघालं, तर मुख्याध्यापकांनी त्याऐवजी चार साधे माइक आणि एक बरा स्पीकर मागून घ्यावा. जूनमध्ये प्रत्येक मुलाचं दोन मिनिटांचं बोलणं टिपावं, मार्चमध्ये पुन्हा. दर महिन्याला शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरतेच; हातखंबा, पाली, निवळी परिसरातल्या शाळांनी एखाद्या परिषदेत भाषणं आणि परिपत्रकांचं वाचन बाजूला ठेवून, पालकांच्या संमतीनं, दोन-तीन मुलांची ही दोन्ही रेकॉर्डिंग एकामागोमाग लावावीत. आणि मग मूल आपणहून किती वेळ बोललं, कुठं अडलं, अडल्यावर कसं सावरलं आणि मध्ये गुरुजींनी किती वेळा त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं, तेवढं मोजावं.